बोट शो कसा बघायचा: शिडाच्या बोटीवर राहायचा विचार करणाऱ्या जोडप्यांसाठी

आम्ही दोघं उन्हाळाभर तुर्कस्तान-ग्रीसच्या किनाऱ्याने एका ३८ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो आणि थंडीत बोट यार्डात उचलून ठेवली की नेरूळच्या घरी येतो. त्या महिन्यांत वाशी, ठाणे, पनवेलहून कुणी ना कुणी चहाला येतं आणि विचारतं, "आम्हालाही असं करायचंय, सुरुवात कुठून करू?" आधी वारा आणि पाणी शिका, हे उत्तर फारसं कुणाला आवडत नाही. सगळ्यांना बोट शोला जायचं असतं. जा की! मात्र काय बघायचं ते ठरवून जा, कारण तिथली प्रत्येक बोट सरळ उभी असते आणि जराही हलत नाही. समुद्रात तीच बोट पंधरा-वीस अंश कललेली असते, उडत असते, ओली असते. खाली जे काही सांगते आहे ते या एका गोष्टीभोवती आहे.

वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये घरांचं प्रदर्शन पाहिलेल्याला सॅम्पल फ्लॅट कसा असतो ते सांगायला नको: पलंग मुद्दाम छोटा, दारं काढलेली, दिवे सगळे चालू. बोट शोमध्येही तसंच. गाद्यांवर उशांचा ढीग, टेबलावर वाइनचे ग्लास, आणि कपाटं सगळी रिकामी.

पहिली पायरी: शो निवडा

शो दोन प्रकारचे असतात. काही पाण्यात, काही छपराखाली. अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला ऑक्टोबरमध्ये फक्त शिडाच्या बोटींचा शो भरतो. तिथे बोटी धक्क्याला बांधलेल्या असतात. इंग्लंडमधला साउथॅम्प्टनचा आणि फ्रान्समधला कानचा शो सप्टेंबरमध्ये, तेही मुख्यतः पाण्यात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला जानेवारीत मोठाल्या हॉलमध्ये बोटी कोरड्या जमिनीवर उभ्या असतात. नवख्याने शक्यतो ड्युसेलडॉर्फ बघावं असं माझं मत आहे, कारण तिथे बोटीचा पाण्याखालचा भाग दिसतो. कील (बोट उलटू नये म्हणून तळाखाली लावलेलं जड पातं), सुकाणू, प्रोपेलर यांच्याभोवती खाली वाकून फिरता येतं. धक्क्यावर बांधलेल्या बोटीचं हे अंग विक्रेता सांगेल तेवढंच कळतं.

दुबईचा शो आपल्याला जवळ आहे, पण तिथे भर मोटर यॉटवर असतो. कोचीच्या शोमध्ये छोट्या बोटी, इंजिनं आणि सामान बघायला मिळतं. राहण्याजोगी शिडाची बोट शोधायला तो भरत नाही, पण भारतात सामान आणि सेवा कुणाकडे मिळते ते कळायला उपयोगी आहे.

ड्युसेलडॉर्फ आणि कानसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. या निमित्ताने एक गोष्ट आत्ताच डोक्यात घाला: शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि बोटीवर झोपलात म्हणून हा नियम बदलत नाही. भारतीय पासपोर्टवर वर्षभर ग्रीसमध्ये बोटीवर राहू म्हणणाऱ्यांचा बेत इथेच कोसळतो. आम्ही तुर्कस्तानात मुक्काम ठेवून ग्रीसला जाऊन-येऊन असतो ते याचमुळे.

दुसरी पायरी: घरीच करायचा अभ्यास

सोसायटीच्या गच्चीवर खडू आणि मेजरटेप घेऊन जा. ११.६ मीटर लांब, मध्ये ३.९ मीटर रुंद आणि पुढे निमुळता होत जाणारा आकार काढा. ही ३८ फुटी बोट. मागचा कॉकपिट (बोट चालवायची उघडी जागा) आणि पुढची नांगराच्या साखळीची जागा वजा केली की आत ताठ उभं राहून फिरता येईल अशी लांबी साधारण सहा-सात मीटर उरते, तीही मधल्या पट्ट्यात. त्या रेषांच्या आत दोघांनी तासभर बसा. एकाने भाजी निवडावी, दुसऱ्याने कामाचा फोन करावा. वॉचमन काय म्हणेल याची काळजी करू नका.

मग पाण्याचं. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे दोघांचे २७० लिटर. अशा बोटीची गोड्या पाण्याची टाकी बहुधा तीनशे-साडेतीनशे लिटरची असते. नेरूळच्या हिशेबाने ती दीड दिवसाच्या आत संपेल, आणि ती बोटीवर आठ-दहा दिवस पुरवायची असते. घरी एक आठवडा बादलीत मोजून पाणी वापरून बघा. मग शोमध्ये 'टाकी किती लिटरची?' हा प्रश्न तुम्ही नुसता विचारायचा म्हणून विचारणार नाही.

तिसरा अभ्यास बेलापूरच्या जेट्टीवर. उधाणाच्या दिवशी भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा जा. मोठ्या उधाणाला आपल्याकडे पाण्याची पातळी चार मीटरच्या वर खाली-वर होते आणि ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. फ्लेमिंगोंची त्यात चैन असते. पाण्याखाली दोन मीटर कील असलेल्या बोटीची नसते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळपास नाहीच, त्यामुळे युरोपातला विक्रेता हा विषय आपणहून काढणार नाही. पुढेमागे बोट इकडे आणायचं मनात असेल तर ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्यात किती खोल बसते, हा तुमचा पहिला आकडा. डोलकाठीची पाण्यापासूनची उंची हा दुसरा. ३८-४० फुटी बोटीची डोलकाठी सतरा-अठरा मीटर उंच भरते. वाशीच्या पुलावरून जाताना खाली पाणी किती अंतरावर आहे ते बघा, ऐरोलीकडे बोट नेऊन ठेवायचा विषय मिटेल.

आणि गेटवेसमोरच्या पाण्यात शीड शिकवणारे क्लब आहेत. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत हंगाम असतो. शोच्या आधी दोघांनी छोट्या बोटीत थोडं तरी शिकून घ्या. दोघांनी म्हणजे दोघांनी.

तिसरी पायरी: सोबत काय न्यायचं

सहज निघणारे बूट आणि चांगले, न फाटलेले मोजे. प्रत्येक बोटीवर चढताना बूट टोपलीत काढावे लागतात, दिवसभरात कितीतरी वेळा. मेजरटेप, छोटी टॉर्च, वही. मोबाइलने फोटो काढताना आधी बोटीच्या नावाच्या पाटीचा फोटो काढायचा, मग आतले. नाहीतर रात्री हॉटेलात कुठलं स्वयंपाकघर कुठल्या बोटीचं यावरून भांडण ठरलेलं.

शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडताच आत शिरा. शनिवार-रविवारी रांगेत उभं राहून बोटीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. आणि साठ फुटी बोटींकडे पहिल्या दिवशी वळू नका. त्या बघून झाल्यावर आपल्या खिशाची बोट उगाच केविलवाणी वाटायला लागते. पाच-सहा बोटी आधी निवडा, सगळ्या साधारण एकाच लांबीच्या.

चौथी पायरी: बोटीवर चढल्यावर

चढायच्या आधी खाली बघा, हॉलमध्ये असाल तर. कील खोल आणि अरुंद आहे की आखूड आणि जाड? सुकाणू एक की दोन? दोन सुकाणूंची रुंद पाठीची बोट कललेली असताना चांगली ताब्यात राहते, पण ती सुकाणू कीलच्या आडोशाला नसतात. कोकणच्या किनाऱ्याने जाळ्यांच्या बोयांमधून वाट काढायची असेल तर हा मुद्दा किरकोळ नाही.

मग कॉकपिट. चाकामागे उभं राहा, नंतर बसा. बसल्यावर पुढचं दिसतं का? चाक एका हाताने धरून शिडाच्या दोऱ्या ओढायच्या चक्रीपर्यंत, म्हणजे विंचपर्यंत, दुसरा हात पोचतो का? दोघांपैकी जो उंचीने आणि ताकदीने कमी, त्याने हे करायचं. आमच्या घरी ती मी. दोघांची बोट म्हणतात खरी, पण लांबच्या प्रवासात दुसरा माणूस आत झोपलेला असतो, म्हणून प्रत्येक काम एकट्याला जमलं पाहिजे. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 'आयएनएसव्ही तारिणी'वरून २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून २९ मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तीही अशीच पाळ्या लावून. त्यांचा सराव आपल्यापाशी नाही, त्यामुळे आपली बोट तरी सोयीची हवी.

आता आत उतरा. पायऱ्यांवरून उलटं, तोंड पायऱ्यांकडे करून उतरायचं, समुद्रात तसंच उतरतात. खाली आलात की डोळे मिटा आणि पुढच्या केबिनपर्यंत हात लावत चाला. प्रत्येक पावलावर धरायला काही मिळालं का? ऐसपैस, मोकळा हॉल शोमध्ये सगळ्यांना आवडतो. पण बोट कलली की त्याच मोकळ्या हॉलमध्ये माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फेकला जातो. जिथे तुम्हाला जरा अडचण वाटेल, ती बोट समुद्रात बरी निघण्याची शक्यता जास्त. टेबलाचे, कपाटांचे कोपरे गोल आहेत का तेही बघा. बरगडीला टोकदार कोपरा लागला की महिनाभर आठवण राहते.

स्वयंपाकघरात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. शेगडी बोटीच्या कलाबरोबर झुलती आहे ना? तिच्याभोवती भांडी धरून ठेवणारे आडवे रॉड असतात. त्यांच्यात आपला पाच लिटरचा कुकर बसतो का ते मोजा (कुकरचा व्यास घरून लिहून न्या). युरोपातल्या बोटींच्या ओट्याला कडा कमी आणि रुंदी त्याहून कमी, पोळपाट ठेवल्यावर कणकेच्या डब्याला जागा उरत नाही. दोन्ही हात कामात असताना कंबर टेकवायला मागे काही आहे का? यू आकाराचं स्वयंपाकघर एका भिंतीला लावलेल्या लांबलचक ओट्यापेक्षा नेहमी चांगलं. सिंक बोटीच्या मध्यरेषेजवळ हवं, कडेला असेल तर एका बाजूला कलल्यावर त्यातलं पाणी वाहून जात नाही.

गॅसची टाकी वेगळ्या कप्प्यात आहे आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक आहे, हे स्वतः उघडून पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. बोटीत गळला तर तळाशी साठून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. घराच्या खिडकीतून जसा निघून जाईल तसा तो इथे जात नाही.

झोपायची जागा बघताना त्यावर खरोखर आडवे व्हा. विक्रेत्याला सवय असते, लाजू नका. दोघांनी एकदम आडवं व्हा आणि भिंतीकडच्याने दुसऱ्याला न तुडवता उतरून दाखवावं. वयाची चाळिशी ओलांडली असेल तर रात्री कितीदा उठावं लागतं ते तुम्हालाच माहीत. मागची मोठी केबिन धक्क्यावर मस्त, पण प्रवासात झोप लागते ती बोटीच्या मध्यावर, अरुंद बाकावर, पडू नये म्हणून कडेला कापड बांधून. असा सरळ, निदान सहा फूट लांब बाक आहे का? हल्ली बाक गोलाकार करायची टूम निघाली आहे. दिसायला छान, झोपायला निरुपयोगी.

मग ज्याकडे कुणी बघत नाही ते. इंजिनाचं झाकण उघडून द्यायला सांगा. तेल तपासायची काडी, डिझेल फिल्टर, पाण्याच्या पंपाचा इंपेलर, इथपर्यंत हात पोचतो का? इंपेलर हा रबराचा छोटा पंखा आहे आणि तो नेहमी चुकीच्या वेळी तुटतो. फरशीच्या फळ्या उचलून बघा. बोटीच्या तळाला जिथे जिथे भोक आहे तिथे बंद करायची तोटी, म्हणजे सीकॉक, असते. त्या सगळ्या कुठे आहेत ते दाखवायला सांगा. जो विक्रेता त्या पटापट दाखवतो त्याच्याकडे पुढचे प्रश्न न्या. टॉयलेटला होल्डिंग टँक, म्हणजे मैला साठवायची टाकी, आहे का, किती लिटरची, आणि तुंबली तर कुठून उघडायची, हेही विचारा. हा प्रश्न विचारताना चेहरा गंभीर ठेवा, कारण बोटीवरच्या संसारात याहून गंभीर प्रसंग कमी येतात.

खिडक्या आणि छतावरची झाकणं किती उघडतात? उत्तर युरोपात बांधलेल्या बोटी थंडीचा विचार करून बांधतात. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात किंवा मेमध्ये आपल्याकडे आत भट्टी होते.

पाचवी पायरी: विक्रेत्याशी बोलणं

एका स्टॉलवर विक्रेता इंजिनाचं सगळं नवऱ्याला सांगत होता आणि मला गादीच्या कापडाचे नमुने दाखवत होता. तेव्हापासून आमची वाटणी पक्की आहे: इंजिन, बॅटरी, रिगिंगचे (डोलकाठीच्या तारा-दोऱ्यांचे) प्रश्न मी विचारते आणि गादी, पडदे, फ्रीज तो. दोघांनाही खरी उत्तरं मिळतात.

कॉकपिटजवळ लावलेली बिल्डरची पाटी वाचा. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींना अ, ब, क, ड अशा अर्थाच्या चार श्रेणी असतात. 'ए' म्हणजे आठ फोर्सच्या (वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापावर) वर वारा आणि चार मीटरच्या वर लाटा गृहीत धरून केलेली बोट. 'बी' त्या मर्यादेपर्यंत, 'सी' सहा फोर्स आणि दोन मीटरपर्यंत, 'डी' तलाव-नद्यांसारख्या शांत पाण्यासाठी. त्याच पाटीवर किती माणसं बसवता येतात तेही असतं, आणि तो आकडा श्रेणीप्रमाणे बदलतो. आठ माणसांची बोट 'ए' श्रेणीत सहाचीच असू शकते.

किंमत विचारताना एकच वाक्य पाठ करा: "आत्ता मी ज्या बोटीवर उभी आहे, अगदी तिची किंमत किती?" फलकावरची किंमत पायाभूत बोटीची असते. शोमधल्या बोटीला चांगली शिडं, ऑटोपायलट, विजेवर चालणारी विंडलास (नांगर ओढून घेणारी चक्री), सोलर, जास्तीच्या बॅटऱ्या, छत असं सगळं लावलेलं असतं. वर पोचवायचा खर्च, तळाचा रंग आणि कर. वर्षाकाठी देखभालीला बोटीच्या किमतीचा दहावा भाग धरावा, असं बोटवाल्यांमध्ये म्हणतात. काही वर्षं कमी लागतो, मग एखाद्या वर्षी डोलकाठीच्या सगळ्या तारा बदलायची वेळ येते आणि सरासरी भरून निघते.

'आज बुक केलं तर सवलत' हे वाक्य तुम्ही वाशीत ऐकलेलं आहे. इथेही कार्ड खिशातच राहू द्या.

सहावी पायरी: सामानाचे हॉल

इथे दोन दिवस कमी पडतात. नांगर, दोऱ्या, लाइफ राफ्ट, रडार, पाणी गोड करायची यंत्रं. हात लावून बघा, प्रश्न विचारा, पण बोट नसताना सामान घेऊ नका, नांगर बोटीच्या वजनावरून ठरतो. अपवाद एक: आपल्या अंगाला बसणारं फुगणारं लाइफ जॅकेट. सगळी घालून बघता येतात, आणि तेच घेऊन पुढे शिकायलाही जाता येतं. त्यात कार्बन डायऑक्साइडची नळी असते, म्हणून विमानात नेण्याआधी एअरलाइनची परवानगी घ्या. धोक्याची सूचना देणाऱ्या फ्लेअर्स विमानात चालतच नाहीत. सॅटेलाइट फोन स्वस्तात मिळाला म्हणून पिशवीत टाकून मुंबई विमानतळावर उतरू नका. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात आणायला बंदी आहे आणि लोकांना त्यापायी अटक झालेली आहे.

व्याख्यानांना जरूर बसा. बोलणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेलं उन्हाने रापलेलं जोडपं जास्त उपयोगाचं असतं. त्यांना बोटीचं विचारू नका. आजारी पडल्यावर काय करता, आईवडिलांचं कसं बघता, भांडण झाल्यावर कुठे जाता, ते विचारा. बारा मीटरमध्ये पाय आपटत बाहेर पडायला जागा नसते.

सातवी पायरी: परत आल्यावर

दोघांनी एकमेकांना न दाखवता आपापल्या पसंतीचा क्रम लिहा, आणि प्रत्येक बोटीपुढे कुठली एक गोष्ट अजिबात चालणार नाही तीही. मगच वह्या बदला. एकाला मोकळा हॉल आणि दुसऱ्याला खोल कील हवी असेल तर ते नेरूळमध्ये कळलेलं बरं.

नंतर निवडलेल्या बोटीचंच मॉडेल, किंवा तिच्या जवळचं, आठवडाभर भाड्याने घ्या. ग्रीस, तुर्कस्तान, क्रोएशियात चार्टरच्या, म्हणजे भाड्याच्या बोटींच्या, ताफ्यात हीच लोकप्रिय मॉडेलं असतात. अजून एकट्याने चालवता येत नसेल तर तांडेलसकट मिळते. त्याला सांगा की आम्हाला फिरवू नकोस, आमच्याकडून काम करून घे. जुलै-ऑगस्ट टाळा. एजियन समुद्रात त्या वेळी उत्तरेचा मेल्टेमी वारा दिवसचे दिवस पाच ते सात फोर्सने वाहतो आणि भाडंही सर्वांत जास्त असतं. मे किंवा सप्टेंबरअखेर जा, आणि निघताना पाच लिटरचा कुकर सामानात टाका.